सर प्रोबी कॉटली व गंगेचा कालवा

पाण्यास संस्कृत भाषेंत 'जीवन' असेंही नांव आहे, व तें किती यथार्थ आहे हें अवर्षणाच्या वर्षीं प्रत्येकास कळून येतें. परंतु नदी भरून वाहत असली म्हणजे शेतास पाणी मिळालें असें होत नाहीं. नदी सखल भागांतून वाहते व शेतें उंचवट्यावर असतात. पावसाळ्यांत पूर येतो व पिकास पाणी पाहिजे तें उन्हाळ्यांत. एकास अधिक दिलें तर दुसऱ्यास कमी पडतें, आणि ज्यास अधिक मिळालें त्याची जमीनही कालांतरानें बिघडते. ह्या सर्व गोष्टींचा एकत्र विचार करून पाण्याची व्यवस्था लावणें हें एक स्वतंत्र शास्त्र आहे, आणि इतर शास्त्रांप्रमाणें तेंही गुरूपाशीं बसून शिकावें लागतें. आपल्या देशांत ह्या शास्त्राच्या पद्धतशीर शिक्षणास आरंभ कसा झाला, हें ज्या गृहस्थाच्या चरित्रावरून उत्तम रीतीनें समजतें, त्या सर प्रोबी थॉमस कॉटली यांची हकीकत पुढें देत आहों.

कॉटलीसाहेबांचा जन्म ३ जानेवारी १८०२ रोजीं इंग्लंडांतील सफोक परगण्यांत झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते. लंडन शहरांतील चार्टरहाउस ह्या जुन्या विद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. पुढें ईस्ट इंडिया कंपनीनें आपल्या लष्करी उमेदवारांकरितां ॲडिसकोंब येथें जी शाळा घातली होती तींत ते कांहीं काळ होते. १८१९ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, बंगालच्या तोफखान्यांत नेमणूक होऊन ते हिंदुस्थानांत आले. हें नीट लक्षांत ठेवावें, कीं ज्या पुरुषानें पुढें जगांतील एक प्रचंड कालवा बांधला, तो मूळचा गोलंदाज होता. इंजिनीयरचा धंदा त्यानें कोणत्याही विद्यालयांत शिकलेला नव्हता.

गंगा व यमुना ह्या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशास दुआब असें म्हणतात. यमुनेच्या पूर्व कांठानें जाणारा एक कालवा मोगल बादशाहीच्या काळीं काढलेला होता, परंतु तो गाळानें भरून निरुपयोगी झाला होता. त्याचा जीर्णोद्धार करण्याचें काम कॅप्टन रॉबर्ट स्मिथ यांजकडे होतें. १८२५ सालीं कॉटली यांस त्यांच्या हाताखालीं देण्यांत आलें. मध्यंतरीं भरतपूरच्या वेढ्यास त्यांस जावें लागलें, तेवढा काळ सोडला तर ते ह्या कामावरच राहिले. १८३० सालीं कालव्यांत पाणी सोडलें, आणि लौकरच एक अडचण उभी राहिली. कालव्याचा उतार प्रमाणाबाहेर झाला होता. पाणी वेगानें धांवूं लागलें व तळाची माती खणून नेऊं लागलें. १८३१ पासून कालव्याचा सर्व कारभार कॉटली यांजकडे आला. त्यांनीं ठिकठिकाणीं पक्क्या बांधकामाच्या पायऱ्या घालून पाणी टप्प्याटप्प्यानें खालीं उतरविलें, व अशा रीतीनें वेग आवरला. पाण्याचा उतार थोडा चुकला तर केवढा अनर्थ होतो, हा धडा त्यांस येथें प्रत्यक्ष मिळाला. हाच धडा त्यांस पुढें पुन्हां एकदां, फार मोठी किंमत देऊन, शिकावा लागणार होता.

कालव्याचें काम करीत असतां त्यांचें लक्ष केवळ पाण्याकडेच नव्हतें. शिवालिक टेंकड्यांच्या खडकांत प्राचीन प्राण्यांचीं हाडें दगड होऊन पडलेलीं आहेत, असें त्यांस व त्यांचे मित्र डॉक्टर ह्यू फॉकनर यांस आढळून आलें. हत्ती, जिराफ, पाणघोडे व सुसरी ह्यांच्या नष्ट झालेल्या जातींचे अवशेष त्यांनीं मोठ्या परिश्रमानें जमविले. ह्या शोधाबद्दल लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळानें १८३७ सालीं त्या दोघांस मिळून वोलस्टन पदक अर्पण केलें. तसेंच सहारणपूरजवळ बेहट येथें कालव्याचा तळ साफ करीत असतां जमिनीखालीं गाडलेल्या एका प्राचीन वसाहतीचे अवशेष व नाणीं सांपडलीं. तीं त्यांनीं विद्वानांच्या नजरेस आणलीं. आपल्या नेमून दिलेल्या कामापलीकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याचा हा गुण विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत घ्यावा.

कॉटली यांच्या आयुष्यास निराळें वळण लागलें तें एका घोर आपत्तीमुळें. १८३७ सालीं वायव्य प्रांतांत पाऊस पडला नाहीं. आग्र्याच्या आसपासच्या मुलखांत भयंकर दुष्काळ पडला. गुरें मेलीं, शेतें ओसाड झालीं, गांवेंच्या गांवें उठून अन्नासाठीं रस्त्यांस लागलीं. १८३७-३८ च्या ह्या दुष्काळांत सुमारे ८ लाख लोक मृत्युमुखीं पडले, असा अंदाज आहे. आणि ज्या प्रदेशांत माणसें पाण्यावांचून मेलीं, त्याच्या एका बाजूनें गंगा व दुसऱ्या बाजूनें यमुना अखंड वाहत होती! कंपनी सरकारचें तर शेतसाऱ्याचें उत्पन्नही बुडालें व दुष्काळनिवारणास मोठा खर्च आला. लोकांचे प्राण वांचविण्याची इच्छा व तिजोरीची काळजी, ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हां कोठें गंगेच्या कालव्याचा विचार सरकारनें मनावर घेतला.

गंगेचें पाणी दुआबांत आणावें ही सूचना कर्नल जॉन कोल्विन यांनीं पूर्वींच केली होती, व १८३६ सालीं कॉटली यांनीं त्या दृष्टीनें प्राथमिक पाहणीही केली होती. परंतु जमिनीच्या पातळ्या प्रतिकूल दिसल्यामुळें त्यांचें मन त्या वेळीं कचरलें होतें. दुष्काळानंतर ते पुन्हां त्याच प्रश्नाकडे वळले. सहा महिनेपर्यंत, कधीं पायीं तर कधीं घोड्यावरून, त्यांनीं तो सर्व प्रदेश पालथा घातला व स्वत: मोजमापें घेतलीं. त्यावरून त्यांची खात्री पटली, कीं हरिद्वारपाशीं, जेथें गंगा डोंगर सोडून मैदानांत उतरते, तेथेंच तिचें पाणी वळविलें तर तें दुआबाच्या मधल्या उंच कण्यावरून नेतां येईल. कालवा उंच कण्यावरून गेला म्हणजे दोन्ही बाजूंस आपोआप पाणी देतां येतें, हें ह्यांतील मुख्य तत्त्व होय. पुष्कळांनीं ही कल्पना अशक्य म्हणून हंसण्यावारी नेली. तथापि १८४१ सालीं कंपनीच्या संचालक मंडळानें योजनेस संमति दिली, व एप्रिल १८४२ मध्यें खोदकामास आरंभ झाला.

आरंभ झाला खरा, परंतु मार्ग निष्कंटक नव्हता. अफगाणिस्तानच्या युद्धानें तिजोरी रिती झाली होती. नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो यांस ह्या कामाविषयीं फारशी आस्था नव्हती. कालवा करावयाचा तर तो मुख्यत: नावा चालविण्यासाठीं करावा, शेतीस पाणी देणें ही दुय्यम गोष्ट, असें त्यांचें मत पडलें. पैसा अगदीं तुटपुंजा मिळूं लागला व कांहीं वर्षें काम गोगलगाईच्या गतीनें चाललें. हातीं सामग्री नाहीं, कुशल कारागीर नाहींत, अशी स्थिति होती. विटा पाडण्यापासून व भट्ट्या लावण्यापासून तों चुना तयार करण्यापर्यंत सर्व व्यवस्था कॉटली यांस जागच्या जागीं उभी करावी लागली.

ह्याशिवाय आणखी एक प्रश्न होता, व तो विटाचुन्याचा नव्हता. हरिद्वार हें हिंदूंचें परम पवित्र क्षेत्र. तेथें गंगेस बांध घालून तिला कोंडावयाचें, ही गोष्ट तेथील पुरोहितवर्गास रुचली नाहीं. कॉटली यांनीं अधिकाराच्या जोरावर त्यांस गप्प बसविलें नाहीं. बांधांत एक मोकळी वाट ठेवून तींतून गंगेचा प्रवाह अखंड वाहूं देण्याचें त्यांनीं मान्य केलें. स्नानाच्या घाटांची दुरुस्ती करून देण्याचेंही कबूल केलें. एवढेंच नव्हे, तर गणेशपूजन करून धरणाच्या कामाचा मुहूर्त करण्यांत आला. पाण्याच्या योजनेंत जमिनीच्या पातळीइतकाच लोकांच्या भावनेचाही विचार करावा लागतो, हें ह्या तोफखान्याच्या अधिकाऱ्यास समजलें होतें.

अतिश्रमानें प्रकृति बिघडल्यामुळें १८४५ सालीं त्यांस विलायतेस परत जावें लागलें. त्यांच्या गैरहजेरींत विल्यम बेकर यांनीं कामाची जबाबदारी सांभाळली. कॉटली तेथेंही स्वस्थ बसले नाहींत. कालवे व जलबांधकामें पाहून त्यांचा अभ्यास करण्यांत त्यांनीं तो काळ घालविला. इकडे लॉर्ड हार्डिंज यांनीं १८४७ सालीं स्वत: काम पाहून पुरेसा पैसा मंजूर केला. वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन हे तर आरंभापासूनच ह्या कामाचे कैवारी होते. १८४८ सालीं कॉटली परत आले व मग काम झपाट्यानें पुढें सरकलें.

हरिद्वारपासून रुडकीपर्यंतचा पहिला सुमारे २० मैलांचा टापू हा सर्वांत अवघड. शिवालिक टेंकड्यांतून निघणारे चार ओढे येथें कालव्याच्या आडवे येतात. उन्हाळ्यांत ते कोरडे असतात, पण पावसाळ्यांत पाण्याचे लोंढे घेऊन धांवतात. ह्या चार ओढ्यांची वाट लावण्यासाठीं कॉटली यांनीं तीन निरनिराळ्या युक्ति योजिल्या. राणीपूर व पथरी हे दोन ओढे त्यांनीं कालव्याच्या डोक्यावरून पुलावाटे पलीकडे नेले, म्हणजे खालून कालवा वाहतो व वरून ओढा जातो. धनौरी येथें रतमऊ नांवाचा ओढा कालव्याच्या बरोबर पातळीवर होता. तेथें दरवाजांचा बंधारा बांधून, पूर आला म्हणजे दरवाजे उघडून तें पाणी पलीकडे सोडून देण्याची सोय केली. रुडकीजवळची सोलानी नदी मात्र खोल दरींतून वाहते. तेथें सबंध कालवाच नदीच्या वरून नेण्याचें त्यांनीं ठरविलें. दरींत सुमारे तीन मैल लांबीचा मातीचा भराव घालून, मध्यें नदीवर प्रत्येकीं ५० फूट गाळ्याच्या १५ कमानींचा जलसेतु उभारला. ह्या जलसेतूवरून आज पावणेदोनशें वर्षें होत आलीं तरी गंगेचें पाणी वाहत आहे, व त्याच्या तोंडाशीं बसविलेले दगडी सिंह अजून तेथें पहारा करीत आहेत. ह्या भरावासाठीं माती वाहून नेण्यास १८५१ सालच्या अखेरीस वाफेचें इंजिन रुळांवर चालविण्यांत आलें. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणें ही उतारूंची पहिली आगगाडी सुरू झाली ती १८५३ सालीं. म्हणजे त्याच्या सुमारे सव्वा वर्ष आधीं रुडकीकरांनीं वाफेचें इंजिन पाहिलें होतें.

आतां ह्या चरित्रांतील अत्यंत महत्त्वाच्या भागाकडे वळूं. एवढें प्रचंड काम एका मनुष्याच्या बुद्धीनें आंखतां येईल, पण एका मनुष्याच्या हातांनीं होणार नाहीं. पातळ्या घेणारे, नकाशे काढणारे, मजुरांवर देखरेख करणारे, हिशेब ठेवणारे असे शेंकडों जाणते लोक पाहिजेत, आणि ते कोठेंच मिळत नव्हते. विलायतेहून माणसें आणणें फार खर्चाचें होतें. शिवाय त्यांस येथील भाषा, माती व हवा ह्यांची माहिती नसे. काम करतां करतां शिकावें, ही रीत कॉटली यांच्यासारख्या एखाद्या असामान्य मनुष्यास साधते. परंतु ज्या कामावर लाखों लोकांचें पोट अवलंबून आहे, तें अशा योगायोगावर सोंपवून चालत नाहीं. म्हणून १८४५ सालीं लेफ्टनंट बेअर्ड स्मिथ यांनीं सहारणपूर येथें कांहीं तरुणांस कालव्याच्या कामाचें शिक्षण देण्यास आरंभ केला. त्या छोट्या वर्गाचाच विस्तार करून थॉमसनसाहेबांनीं १८४७ सालीं रुडकी येथें इंजिनीयरिंगचें विद्यालय स्थापन केलें. लेफ्टनंट रॉबर्ट मॅक्लेगन हे त्याचे पहिले मुख्याध्यापक होत.

विद्यालयासाठीं रुडकी हीच जागा कां निवडली, हें पाहण्यासारखें आहे. तेथें सोलानीच्या जलसेतूचें काम चालूं होतें, कालव्याचे कारखाने होते, वीटभट्ट्या होत्या. वर्गांत जें गणित शिकावें तें बाहेर पडतांच डोळ्यांनीं पाहावें, असा योग दुसरीकडे मिळणें कठीण होतें. विद्यालयांत तीन वर्ग होते. एक इंजिनीयर होणाऱ्यांचा, दुसरा गोऱ्या शिपायांतून ओव्हरसियर तयार करण्याचा, आणि तिसरा येथील तरुणांस त्यांच्याच भाषेंत मोजणी, पातळ्या व नकाशे शिकविण्याचा. वरच्या जागा बहुतेक युरोपियनांकडे व खालच्या एतद्देशीयांकडे, ही विषमता त्या व्यवस्थेंत उघड होती व ती पुढें फार काळ टिकली. तथापि जें द्वार एकदां उघडलें तें पुन्हां बंद झालें नाहीं. कालांतरानें त्याच विद्यालयांतून उत्तम हिंदी इंजिनीयर बाहेर पडूं लागले.

८ एप्रिल १८५४ रोजीं रुडकी येथें मोठ्या समारंभानें कालव्यांत पाणी सोडण्यांत आलें. मुख्य कालव्याची लांबी सुमारे ३४८ मैल, म्हणजे ५६० किलोमीटर. शाखांची लांबी सुमारे ३०६ मैल. त्यांपासून निघणाऱ्या लहान पाटांची लांबी ३,००० मैलांहून अधिक. खर्च झाला तो दोन कोटी रुपयांहून अधिक. पुढें सुमारे ५,००० गांवांतील साडेसात लाखांहून अधिक एकर जमिनीस त्याचें पाणी पोंचलें. त्या दिवशीं एक उणीव मात्र सर्वांस भासली असेल. ज्यांनीं ह्या कामास आपलें बळ दिलें ते थॉमसनसाहेब आदल्याच वर्षीं, सप्टेंबर १८५३ मध्यें, बरेली येथें निवर्तले होते. त्यांच्या स्मरणार्थ रुडकीच्या विद्यालयास थॉमसन कॉलेज असें नांव देण्यांत आलें. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं कॉटली यांनीं हिंदुस्थान सोडलें. विलायतेंत त्यांस सर ही पदवी मिळाली, व १८५८ पासून १८६८ पर्यंत ते भारतमंत्र्यांच्या कौन्सिलाचे सभासद होते.

परंतु चरित्र लिहितांना गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. कालव्यांत भरपूर पाणी सोडूं लागतांच असें दिसून आलें, कीं उतार पाहिजे त्याहून अधिक ठेवला गेला आहे. पाण्याचा वेग वाढून तळ खचूं लागला, पुलांच्या व पायऱ्यांच्या पायांस धक्का पोंचूं लागला, आणि ठरल्याप्रमाणें पूर्ण पाणी सोडतां येईना. यमुनेच्या कालव्यावर ज्या दोषाची दुरुस्ती कॉटली यांनीं स्वत: केली होती, तोच दोष त्यांच्या स्वत:च्या कालव्यांत शिरला होता. ह्याचें कारण हलगर्जीपणा नव्हे. त्या काळीं पाण्याचा वेग काढण्याचीं जीं गणितें उपलब्ध होतीं, तीं युरोपांतील लहान प्रवाहांवरील प्रयोगांवरून बसविलेलीं होतीं. एवढ्या रुंद व खोल प्रवाहास तीं लागू पडत नाहींत, हें अनुभवावांचून कोणासच ठाऊक नव्हतें.

दक्षिणेंत गोदावरीवर धरण बांधून कीर्ति मिळविलेले सर आर्थर कॉटन यांनीं १८६३ च्या सुमारास ह्या कालव्यावर कडक टीका केली. पाणी घेण्याची जागा फार वरती निवडली, त्यामुळें ओढ्यांशीं झगडण्यांत पैसा व्यर्थ गेला, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. कॉटली यांनीं त्यास लेखी उत्तरें दिलीं. दोघेही थोर, दोघेही लोकांच्या अन्नासाठीं झटलेले, परंतु वाद बराच कडवट झाला. अखेर कालव्याचें तोंड हरिद्वारीं आहे तेथेंच राहिलें, व उताराचा दोष मात्र मान्य होऊन कालव्याची मोठी दुरुस्ती करण्यांत आली. ह्या दुरुस्तीच्या अभ्यासांतून कालव्याच्या शास्त्रांत मोठी भर पडली. पुढें नरोरा येथें खालच्या गंगा कालव्याचें काम होऊन १८७८ सालीं तोही सुरू झाला.

दुसराही एक दोष होता, व तो अधिक सावकाश दिसून आला. कालव्याच्या उंच कांठांनीं पावसाच्या पाण्याच्या नैसर्गिक वाटा ठिकठिकाणीं अडल्या. सखल जागीं पाणी सांचून ताप वाढला. कांहीं ठिकाणीं जमिनीखालचें पाणी वर येऊन पांढरा क्षार फुटला. त्यास तिकडे रेह म्हणतात. आपल्याकडे कालव्याखालीं अशी बिघडलेली जमीन चोपण म्हणून शेतकऱ्यांस चांगली परिचित आहे. पाणी आणण्याची जेवढी काळजी, तेवढीच जादा पाण्यास वाट करून देण्याची काळजी घेतली पाहिजे, हा नियम ह्या अनुभवांतून उत्तर हिंदुस्थानानें शिकला. कोणाच्या शेतांत पाणी आलें म्हणजे योजना सफल झाली, असें मानणारा अर्धेंच शास्त्र जाणतो.

एवढे दोष असूनही कालव्यानें आपलें मुख्य कार्य केलें काय? १८६०-६१ सालीं त्याच मुलखावर पुन्हां अवर्षणाचें संकट आलें. त्या वेळीं जेथपर्यंत कालव्याचें पाणी पोंचत होतें तेथें शेतें हिरवीं राहिलीं, व तें धान्य आजूबाजूच्या लोकांच्याही उपयोगी पडलें. तेवीस वर्षांपूर्वीं जेथें माणसें रस्त्यांत पडून मेलीं, तेथें हा फरक झाला. कॉटली यांच्या श्रमांचें ह्याहून मोठें प्रमाणपत्र कोणतें असूं शकेल?

आयुष्याचीं अखेरचीं वर्षें त्यांनीं लंडनजवळ सिडनहॅम येथें घालविलीं. कालव्याच्या कामाचा सविस्तर वृत्तांत त्यांनीं लिहून काढला, तो १८६० सालीं प्रसिद्ध झाला. पुढें येणाऱ्यांस आपल्या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून मागें ठेवलेली ती मोठी ठेव होय. २५ जानेवारी १८७१ रोजीं, वयाच्या एकूणसत्तराव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या मागें कालवा राहिला व विद्यालयही राहिलें. हरिद्वारच्या मोकळ्या प्रवाहाचा प्रश्न नवीन बांधकामामुळें १९१४ सालीं पुन्हां उपस्थित झाला. त्या वेळीं पंडित मदनमोहन मालवीय प्रभृति पुढाऱ्यांच्या खटपटीनें १९१६ सालीं सरकार व हिंदू समाज यांत तडजोड झाली. कॉटली यांनीं आरंभीं जो मार्ग काढला होता, त्याच धोरणाकडे सरकारास पुन्हां वळावें लागलें. रुडकीचें थॉमसन कॉलेज १९४९ सालीं स्वतंत्र विद्यापीठ झालें, व २००१ सालीं त्यास भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला. तेथेंच १९५५ सालीं जलसंपत्तीच्या विकासाचें एक स्वतंत्र प्रशिक्षण केंद्र निघालें. प्रत्यक्ष कामावर असलेले इंजिनीयर तेथें येऊन शिकूं लागले. ते केवळ भारतांतील नव्हते, तर आशिया व आफ्रिका खंडांतील अनेक देशांतून येत. नदी, शेत, शहर, पूर, वीज व जमिनीखालचें पाणी ह्यांचा निरनिराळा विचार न करितां एकत्र विचार करावा, ही दृष्टि तेथें देण्यांत येते. कॉटली यांस जें चुका करून, एकेक करीत, तीस वर्षांत समजलें, तें आज तरुण विद्यार्थ्यास थोड्या काळांत समजून घेतां येतें.

आपल्या महाराष्ट्रासही ही परंपरा परकी नाहीं. ज्या वर्षीं गंगेच्या कालव्यांत पाणी सुटलें त्याच १८५४ सालीं पुण्यास बांधकाम खात्याचीं माणसें तयार करण्यासाठीं इंजिनीयरिंगचा वर्ग निघाला, व त्याचेंच पुढें पुण्याचें प्रसिद्ध इंजिनीयरिंग कॉलेज झालें. १९८० सालीं औरंगाबाद, म्हणजे आतांचें छत्रपती संभाजीनगर, येथें पाणी व जमीन यांच्या व्यवस्थापनाची 'वाल्मी' ही संस्था स्थापन झाली. तेथें पाटबंधारे खात्याच्या अधिकाऱ्यांप्रमाणेंच शेतकऱ्यांच्याही शिक्षणाची सोय करण्यांत आली. पाणी देणारा व पाणी घेणारा हे दोघेही जाणते झाल्यावांचून कालव्याचें खरें सार्थक होत नाहीं, हें ह्यावरून समजावें.

विद्यार्थिमित्रहो, कॉटलीसाहेबांपाशीं निरीक्षण होतें, चिकाटी होती, लोकांचें ऐकून घेण्याची वृत्ति होती. तरीही केवळ ह्या गुणांनीं कालव्याचा उतार अचूक ठरला नाहीं. त्यासाठीं पिढ्यानुपिढ्या जमत गेलेलें, तपासून घेतलेलें व शिकविलें जाणारें ज्ञानच पाहिजे होतें. गुणांस विद्येची जोड व विद्येस गुणांची जोड, अशी ही परस्परांची गरज आहे. तुमच्यापैकीं जे कोणी पुढें ह्या शास्त्राकडे वळतील, त्यांनीं आपल्या गांवच्या ओढ्यापासूनच अभ्यासास आरंभ करावा. त्यास पाणी कोठून येतें, तें कोणास मिळतें, कोणास मिळत नाहीं, आणि उरलेलें कोठें जातें, ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें नीट शोधून लिहून ठेवावीं. आपल्या पालकांनींही त्यांस ह्या कामीं साह्य करावें. कारण गांवांतील जुन्या विहिरींची व बांधांची माहिती वडीलधाऱ्या माणसांइतकी दुसऱ्या कोणासही नसते.